लोहाराच्या पोराच्या दोन गाड्या : सोइचिरो होंडा

'हिरो होंडा' माहीत नाही असं गाव सापडणार नाही. पण होंडा हे एका माणसाचं आडनाव, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या खेड्यातला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. पंधराव्या वर्षी पोरगा टोकियोतल्या गॅरेजात कामाला लागला. पुढे त्यांनी पिस्टन रिंगचा कारखाना काढला. बॉम्बफेक आणि १९४५ चा भूकंप यांत त्याची वाट लागली. उरलेला कारखाना टोयोटाला विकला आणि १९४६ मध्ये लष्कराची पडून असलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली आणि दुचाकीत नाव झालं.

१९६१ मध्ये नवीनच संकट आलं. मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच ठेवायच्या, नव्यांना परवानगी नाही, असा कायदा सरकारच्या मनात होता. कायद्याआधी गाडी बाजारात आली नाही तर होंडांना दार कायमचं बंद! ते अधिकाऱ्यांशी भांडले आणि इकडे कामही जोरात सुरू केलं.

१९६३ मध्ये दोन गाड्या आल्या. ऑगस्टमध्ये टी३६०. आपल्या 'छोटा हत्ती'सारखा लहान मालट्रक समजा. इंजिन सीटखाली, ताकद ३० हॉर्सपॉवर. ऑक्टोबरमध्ये एस५००. दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ५३१ सीसी, ४४ हॉर्सपॉवर, आणि मागच्या चाकांना चक्क मोटारसायकलसारखी चेन!

एक ओझं वाहणारी, दुसरी हौसेची. पण दोन्हींच्या इंजिनांची जात एकच: चार सिलिंडर आणि वर दोन कॅमशाफ्ट. तेव्हा असलं इंजिन रेसच्या गाड्यांत असायचं. होंडांनी ते भाजीपाला, किराणा वाहणाऱ्या ट्रकलाही दिलं. कष्टकऱ्याची गाडी म्हणून हलकं इंजिन टाकलं नाही.

तो कायदा शेवटी मंजूर झालाच नाही. १९७३ मध्ये होंडांनी अध्यक्षपद सोडलं. ५ ऑगस्ट १९९१ रोजी ते गेले.

एस५०० जेमतेम तेराशेच्या वर बनल्या, म्हणून दुर्मिळ. टी३६० एक लाखाहून जास्त बनल्या, पण कामाच्या गाड्या राबून भंगारात जातात. म्हणून आज जुन्या गाड्यांचे शौकीन दोन्ही शोधतात. मोतेगीच्या होंडा संग्रहालयात स्पोर्ट्स कारसोबत तो ट्रकही मानानं ठेवलाय.