खतांचं शास्त्र शिकवणारा लीबिग चिकणमातीपुढे हरला होता

खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे आकडे असतात. पिकाने मातीतून नेलेली खनिजं मातीला परत द्यावी लागतात, हे जगाच्या गळी उतरवलं ते युस्टुस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाने. पण यातल्याच पालाशने, म्हणजे पोटॅशने, त्याला तोंडघशी पाडलं होतं.

लीबिगचा जन्म १८०३ चा, डार्मस्टाटचा. वडिलांचा रंग आणि रसायनांचा धंदा. पोराला तिथेच प्रयोगांचा नाद लागला. पॅरिसला शिकून आला आणि २१ व्या वर्षी गीसन विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८४० मध्ये शेतीच्या रसायनशास्त्रावरचं त्याचं पुस्तक आलं आणि नाव युरोपभर झालं.

मग त्याने स्वतःचं खत काढायचं ठरवलं. पोटॅश पाण्यात विरघळतं, म्हणजे पावसात वाहून जाणार, असा त्याचा हिशोब. म्हणून खत भट्टीत वितळवून सहज विरघळणार नाही असं बनवलं. १८४५ मध्ये ते इंग्लंडमध्ये विक्रीला आलं आणि सपशेल आपटलं. जे विरघळतच नाही, ते मुळं घेणार कशी?

१८५० मध्ये जॉन थॉमस वे या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पोटॅशचं पाणी मातीतून गाळलं, तर पोटॅश मातीतच अडकतं आणि त्याच्या बदल्यात चुना बाहेर येतो. लीबिगला हे आधी पटलं नाही.

आज यामागचं कारण माहीत आहे. चिकणमातीचे कण म्हणजे एकावर एक रचलेले बारीक पापुद्रे. त्यांच्यावर ऋण भार असतो, पोटॅशियमवर धन. त्यामुळे ते चिकटून बसतं. मुळांनी मातीतल्या पाण्यातलं पोटॅशियम शोषलं, की पापुद्र्यांच्या बाहेरच्या बाजूचं लगेच सुटतं. आत अडकलेलं मात्र अगदी सावकाश, काही महिने-वर्षं घेत. रेताड जमिनीत चिकणमाती कमी, म्हणून तिथे पालाश खरंच वाहून जातं.

म्हणजे लीबिग ज्याची सोय भट्टीत करत होता, ती मातीतच होती. १८६२ मध्ये पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्याने चूक जाहीरपणे मान्य केली. १८७३ मध्ये म्युनिकला तो गेला.

पण त्याचा मूळ मुद्दा खोटा ठरला नाही. पीक दरवर्षी जितकं पालाश नेतं, तितक्या वेगाने चिकणमाती ते सोडत नसेल, तर जमीन हळूहळू रिकामी होते. माती परीक्षण करायचं ते यासाठीच.