शंकर आबाजी भिसे : नमुन्यातून यंत्राकडे

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कारागिराला एक गोष्ट ठाऊक असते. कागदावरचे यंत्र कधीच अडत नाही. अडतो तो पहिला घडवलेला नमुना. हा अनुभव ज्यांनी जन्मभर घेतला आणि तरीही नमुने घडवणे सोडले नाही, अशा मराठी संशोधकांत शंकर आबाजी भिसे यांचे नाव अग्रभागी आहे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. मुलाने वकील व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र यंत्रांत रमले. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून वायू निर्माण करणारे उपकरण तयार केले. पुढे मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला. दृष्टिभ्रमाचे त्यांचे प्रयोग तर थेट मँचेस्टरच्या रंगमंचापर्यंत पोहोचले.

साखर किंवा पीठ आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची एक स्पर्धा लंडनच्या एका नियतकालिकाने जाहीर केली होती. भिसे यांनी मुंबईत बसून आराखडा पाठवला आणि ती जिंकली. दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आर्थिक आधार दिला.

त्या काळी छपाईच्या धंद्यात मोठी उलथापालथ चालू होती. हाताने एकेक खिळा जुळवण्याच्या जागी लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रे येत होती. पहिले यंत्र अक्षरांची संपूर्ण ओळ एकसंध ओतत असे; दुसरे एकेक अक्षर सुटे ओतत असे, आणि त्याचा वेग मिनिटाला सुमारे १५० खिळ्यांचा होता. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तप्त रस साच्यात पडून थिजायला काही क्षण लागतातच. वेगाची खरी मर्यादा तेथे होती. एका वेळी एकाच साच्यावर विसंबण्याऐवजी अनेक अक्षरे एकदम ओतता येतील, असा भिसे यांचा विचार होता. कॅस्लन या जुन्या ओतशाळेतील जाणकारांना तो अशक्य वाटला. यंत्र प्रत्यक्ष करून दाखवा, असे आव्हान त्यांनी दिले.

भिसे यांनी वाद घातला नाही. ते नमुना घडवू लागले. १९०८ पर्यंत त्यांचे ‘भिसोटाइप’ मिनिटाला १,२०० खिळे ओतू लागले. तज्ज्ञांच्या शंकेला याहून नेमके उत्तर असू शकत नव्हते.

पण नमुना चालणे वेगळे आणि यंत्र बाजारात उभे राहणे वेगळे. कारखाना, हत्यारे, पेटंटचे शुल्क, कुशल कामगारांचे पगार या सर्वांसाठी भांडवल हवे होते. दादाभाईंच्या खटपटीने इंग्रज समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी १५,००० पौंड उभे करण्याचे आश्वासन दिले. ते पैसे कधी आलेच नाहीत. १९०८ च्या अखेरीस भिसे यांना काम आवरून मुंबईची वाट धरावी लागली. ज्या वर्षी यंत्र यशस्वी झाले, त्याच वर्षी त्याचा जनक रिकाम्या हाताने परतत होता.

योग असा की, त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट स्थापन झाले आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. परंतु अपेक्षित उत्पन्न हाती येईना. त्यात महायुद्ध आले आणि हा आधारही सुटला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१६ मध्ये, भिसे अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी खिळे ओतण्याचे नवे यंत्र सिद्ध केले आणि त्यासाठी कंपनीही काढली. आयोडीनयुक्त ‘ॲटोमिडिन’ या औषधाने त्यांना अखेर काहीसे आर्थिक स्थैर्य दिले. अमेरिकेत त्यांची ओळख ‘भारतीय एडिसन’ अशी झाली. सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंटे मागे ठेवून ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

शिशाचे खिळे आता छापखान्यांतून नाहीसे झाले आहेत. त्यांच्याबरोबर भिसोटाइपचे नावही विस्मरणात गेले. तरी जबलपूरच्या कारखान्यांत वा शाळेच्या विज्ञानप्रदर्शनात एखाद्याचा पहिला नमुना अडतो, तेव्हा या चरित्रातील दोन गोष्टी आठवाव्यात. अशक्य म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी भिसे यांना स्वतःचे हात पुरेसे होते. पण ते उत्तर जगापर्यंत नेण्यासाठी मात्र दादाभाई, गोखले आणि टाटा यांच्यासारख्यांचे हात लागले. त्यांची साथ जेथे अपुरी पडली, तेथे उत्तम यंत्रही थांबले.