अणू फोडणारा, संस्था जोडणारा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल येथे दुसऱ्या महायुद्धानंतर दोन अणुभट्ट्यांची उभारणी सुरू झाली. अणुबॉम्बसाठी लागणारे प्लुटोनियम तयार करणे हा त्यांचा हेतू होता. भट्टीतील उष्णता वाहून नेण्यासाठी पाण्याऐवजी हवेचा वापर करायचा आणि ती तापलेली हवा सुमारे १२० मीटर उंचीच्या धुराड्यांतून आकाशात सोडून द्यायची, अशी योजना होती. बांधकाम सुरू असतानाच १९४८ मध्ये एका शास्त्रज्ञाने आग्रह धरला, की या धुराड्यांना गाळण्या बसवल्याच पाहिजेत. धुराड्याचा खालचा भाग बांधून होत आल्याने त्या गाळण्या थेट माथ्यावर चढवाव्या लागल्या. काम लांबले, खर्च वाढला. वैतागलेल्या मंडळींनी धुराड्यांच्या त्या फुगीर माथ्यांना कॉकक्रॉफ्ट यांचा खुळेपणा असे नावच देऊन टाकले. हा खुळेपणा किती शहाणपणाचा होता, हे कळायला नऊ वर्षे जावी लागली.

सर जॉन डग्लस कॉकक्रॉफ्ट यांचा जन्म २७ मे १८९७ रोजी इंग्लंडमधील टॉडमॉर्डन या गावी झाला. घराण्याचा व्यवसाय सूतगिरणीचा. पाच भावांत ते थोरले. १९१४ मध्ये गणित शिकण्यासाठी त्यांनी मँचेस्टर विद्यापीठात प्रवेश घेतला. पण त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि पुढील काळ तोफखान्याच्या संदेशवहन विभागात गेला. युद्धानंतर त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मेट्रोपोलिटन-व्हिकर्स या कंपनीत उमेदवारी केली आणि मग केंब्रिजला जाऊन पुन्हा गणिताची पदवी मिळवली. गणित आणि कारखान्यातील हातचे काम या दोन्हींत सारखीच गती असणारा हा तरुण तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लॉर्ड रदरफर्ड यांच्या हाताखाली रुजू झाला.

अणुकेंद्रकाचा भेद करण्यासाठी तोवर किरणोत्सर्गी मूलद्रव्यांतून बाहेर पडणाऱ्या कणांवरच अवलंबून राहावे लागे. माणसाने स्वतः वेग दिलेल्या कणांनी हे साधायचे, तर कित्येक दशलक्ष व्होल्टचा विद्युतदाब लागेल, असा समज होता. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमॉव यांनी पुंजयामिकीच्या आधारे मांडलेला सिद्धांत कॉकक्रॉफ्ट यांच्या नजरेस आला आणि त्यांनी गणित मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष आशादायक होता : काही लाख व्होल्टदेखील पुरेसे ठरतील. अर्नेस्ट वॉल्टन या आयरिश सहकाऱ्यासह त्यांनी यंत्राची उभारणी सुरू केली. निर्वात नळ्यांचे सांधे बंद करण्यासाठी त्यांनी मुलांच्या खेळण्यातील प्लॅस्टिसीनचाही उपयोग केला. अखेर १४ एप्रिल १९३२ रोजी लिथियमवर प्रोटॉनचा मारा होताच पडद्यावर प्रकाशाचे ठिपके लुकलुकू लागले. लिथियमच्या अणुकेंद्रकाचे दुभंगून हेलियमच्या दोन केंद्रकांत रूपांतर झाले होते. कृत्रिमरीत्या गतिमान केलेल्या कणांनी अणुकेंद्रक फोडल्याची ती पहिलीच घटना होय. बाहेर पडलेली ऊर्जा आणि घटलेले वस्तुमान यांचा मेळ आइनस्टाइन यांच्या समीकरणाशी जुळला. या कामगिरीबद्दल कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांना १९५१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एखादा संशोधक याच वाटेवर आयुष्यभर चालत राहिला असता. कॉकक्रॉफ्ट यांच्या वाट्याला मात्र हळूहळू कारभार येत गेला. १९३४ मध्ये रशियाने प्योत्र कापित्सा यांना मायदेशी अडकवून ठेवल्यावर केंब्रिजमधील त्यांच्या माँड प्रयोगशाळेची जबाबदारी कॉकक्रॉफ्ट यांच्यावर आली. सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे कामही ते पाहत. मितभाषी स्वभाव, बारीक अक्षराने भरलेली छोटी टिपणवही आणि एकदा नोंदले की ते काम पार पाडण्याची हातोटी, अशी त्यांची ओळख होती.

दुसऱ्या महायुद्धाने या गुणांची कसोटी पाहिली. रडारच्या कामासाठी त्यांनी भौतिकशास्त्रज्ञांची फळी उभी केली. १९४० मध्ये सर हेन्री टिझार्ड यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनची गुपिते घेऊन अमेरिकेला गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक कॅनडातील माँट्रियल प्रयोगशाळेच्या संचालकपदी झाली. मतभेदांनी पोखरलेल्या त्या संस्थेची घडी त्यांनी बसवली आणि ओटावा नदीकाठी चॉक रिव्हर येथे नवे केंद्र उभारले. तेथील झीप ही छोटी अणुभट्टी ५ सप्टेंबर १९४५ रोजी कार्यान्वित झाली. अमेरिकेबाहेरची ती पहिली अणुभट्टी. योगायोग असा, की त्याच दिवशी ओटावातील सोव्हिएत वकिलातीतून इगोर गुझेंको हा कर्मचारी कागदपत्रांसह बाहेर पडला आणि माँट्रियल प्रयोगशाळेतील ॲलन नन मे या शास्त्रज्ञाची हेरगिरी उघडकीस आली.

१९४६ मध्ये कॉकक्रॉफ्ट ब्रिटनच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. हार्वेल येथील हवाई दलाच्या जुन्या तळावर, विमानांच्या रिकाम्या हँगरांमध्ये या संस्थेचा संसार थाटला गेला. भारत स्वतंत्र झाला त्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, तेथील ग्लीप ही भट्टी सुरू झाली. तरुण संशोधकांना मोकळीक देणे, मूलभूत विज्ञानाला जागा ठेवणे आणि फाइलींचा जाच कमीत कमी राखणे, हे त्यांचे धोरण होते. या मोकळ्या वातावरणाची किंमतही मोजावी लागली. सैद्धांतिक भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख क्लाउस फुक्स यांना १९५० मध्ये हेरगिरीबद्दल शिक्षा झाली. त्याच वर्षी ब्रुनो पाँटेकोर्वो हे दुसरे सहकारी सोव्हिएत रशियात निघून गेले.

१० ऑक्टोबर १९५७ रोजी विंडस्केलच्या पहिल्या भट्टीला आग लागल्याचे लक्षात आले. युरेनियम जळत होते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा मारा करून आणि हवा तोडून आग विझवण्यात यश आले. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातील दूध फेकून द्यावे लागले. वायुरूप आयोडीन गाळण्यांना पुरेसे अडवता आले नाही. मात्र किरणोत्सर्गी धुळीचा मोठा भाग धुराड्याच्या माथ्यावरच अडकला. थट्टेचा विषय ठरलेल्या त्या गाळण्या नसत्या, तर अनर्थ कितीतरी मोठा झाला असता. त्यानंतर त्यांना खुळेपणा म्हणण्याचे कोणाला कारण उरले नाही.

मात्र कॉकक्रॉफ्ट यांचे प्रत्येक अनुमान अचूक ठरले असे नाही. जानेवारी १९५८ मध्ये हार्वेलच्या झीटा या यंत्रात अणुसंमीलन साधल्याची जवळजवळ खात्री असल्याचे त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केले आणि जगभर खळबळ उडाली. काही महिन्यांतच तो दावा मागे घ्यावा लागला. आयुष्यभर सावधपणे बोलणाऱ्या माणसाला तो प्रसंग जिव्हारी लागणारा होता.

१९५९ मध्ये ते केंब्रिजच्या नव्या चर्चिल महाविद्यालयाचे पहिले मास्टर झाले. १८ सप्टेंबर १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

मुंबईशीही त्यांच्या कार्याचा धागा जुळतो. त्यांनी कॅव्हेंडिशमध्ये अणू फोडला, तेव्हा होमी भाभा केंब्रिजमध्येच शिकत होते. तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी १९५६ मध्ये ब्रिटनकडून मिळालेल्या इंधनावर सुरू झाली. १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या सायरसचा आराखडा तर चॉक रिव्हरच्या एनआरएक्स भट्टीवर बेतलेला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम याच सायरसमधून आले आणि कॅनडाने भारताशी अणुसहकार्य तोडले. २०१० च्या अखेरीस सायरस कायमची बंद झाली. अणू फोडणाऱ्यांच्या यादीत कॉकक्रॉफ्ट यांचे नाव अग्रभागी आहेच. पण फोडलेल्या अणूतून निघणारी राख कोठे जाईल, याची चिंता वेळेवर करणारा प्रशासक म्हणूनही त्यांचे स्मरण ठेवायला हवे.