पंडिता रमाबाई आणि एकदांच झालेला यज्ञ

यज्ञ, प्रायश्चित्त, खंडणी, तारण हे शब्द आमच्या उपासनेंत दर रविवारीं कानांवर पडतात. परंतु त्यांचा अर्थ काय असें एखाद्या खेडेगांवच्या बंधूस विचारलें, तर तो बहुधा उपदेशकाकडे पाहतो, आणि उपदेशक पुस्तकाकडे पाहतो. म्हणून या शब्दांची व्याख्या न करितां आम्ही एका बाईचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों. पंडिता रमाबाईंचें नांव कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु केडगांवची मोठी संस्था पाहून पुष्कळांचा असा ग्रह होतो कीं, बाईंनीं फार मोठा त्याग केला आणि त्यामुळें त्या देवाला मान्य झाल्या. हा क्रम उलटा आहे. आणि तो उलटा आहे हें समजण्यास खुद्द बाईंच्या आयुष्यांतील तेहेतीस वर्षें गेलीं.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ या अरण्यांतील ठिकाणीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये अशी त्या काळची समजूत असतां त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, तें शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस शिकविलें. पुढें शास्त्रीबोवांचें द्रव्य सरलें, तेव्हां सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. देवळांत बसून पुराण सांगावें, जें मिळेल त्यांत निर्वाह करावा, आणि उरलें तें दान करावें, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

मग मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. या कुटुंबानें त्या वेळीं काय केलें तें लक्षांत घेण्याजोगें आहे. जवळचा पैसा त्यांनीं धान्यासाठीं राखून ठेविला नाहीं. देव प्रसन्न व्हावा म्हणून तो ब्राह्मणांस दान दिला. स्नानें केलीं, उपास केले, जप केला. पैसा संपला, दागिने गेले, भांडीं गेलीं. शेवटीं रानांत राहून झाडाचा पाला खाण्याची पाळी आली. शास्त्रीबोवांनीं जलसमाधि घेण्याचा निश्चय केला. मुलानें मोलमजुरी करण्याचें कबूल केलें, तेव्हां कोठें तो बेत राहिला. परंतु शरीरांत त्राण उरलें नव्हतें. १८७४ सालीं वडील वारले, त्यांच्यामागून आई वारली, आणि कांहीं महिन्यांनीं वडील बहीणही गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाईंनीं ती उचलली. उंची पुरेना, म्हणून त्यांनीं ती डोक्यावर घेतली.

वाचकहो, या गोष्टीस हंसूं नका. त्या वृद्ध गृहस्थानें आपलें सर्वस्व दिलें, आणि निष्कपट मनानें दिलें. आमच्यापैकीं किती जणांनीं इतकें दिलें आहे? देणाऱ्याच्या अंतःकरणांत उणें कांहींच नव्हतें. परंतु मनुष्यानें आपल्या हातून देवाचें देणें फेडूं म्हटलें, तर तें कितीही दिलें तरी फिटत नाहीं, ही गोष्ट रमाबाईंच्या मनांत तेव्हांपासून घर करून राहिली.

यानंतर ही मुलगी आणि तिचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें पायीं हिंदुस्थानभर फिरलीं, आणि १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथें विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. दीड-दोन वर्षांत पटकीनें तेही गेले. पदरांत मनोरमा ही लहान मुलगी राहिली. पतीच्या पुस्तकसंग्रहांत बाईंस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली होती.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. या भगिनींचें लंडनांत फुलहॅम येथें एक घर होतें, तेथें वांकड्या मार्गास लागलेल्या स्त्रियांस ठेवून घेत. अशा स्त्रियांस कोणी प्रेमानें वागवितो हें बाईंनीं जन्मांत पाहिलें नव्हतें. याचें कारण त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथें बहुतेक चरित्रें थांबतात. परंतु बाईंनीं पुढें आपली साक्ष लिहिली तींत स्पष्ट कबूल केलें आहे कीं, त्या वेळीं त्यांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. त्या अमेरिकेस गेल्या, तेथें मित्र जोडले, ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन काढिलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. इतकें केलें, तरी मनाला शांति नव्हती. मग हॅस्लॅम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांनीं वाचलें. हा पाळक आपल्याच व्यासपीठावर उपदेश करीत असतां तारणाच्या अनुभवास आला होता. तें वाचून बाईंस कळलें कीं, आपण बापाच्या घरचीच रीत नव्या नांवानें चालविली आहे. तेथें स्नान होतें, येथें बाप्तिस्मा. तेथें दान होतें, येथें सत्कर्म. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, त्यांनीं रिकाम्या हातांनीं ख्रिस्ताचा यज्ञ आपला म्हणून स्वीकारला.

आमच्या शेतकरी बंधूंस हें सहज समजेल. सावकाराचें देणें दुसऱ्यानें फेडलें आणि कागद फाडून टाकिला, तर कूळ पुन्हां हप्ता घेऊन सावकाराच्या दारीं जात नाहीं. असें असतां आजारपणांत देवाला कांहीं कबूल करणारे, आणि मुलाला बरें वाटलें म्हणजे तें मंडळीच्या थैलींत टाकून हिशेब मिटला असें मानणारे बंधु आम्हांस ठाऊक आहेत. नारळाच्या जागीं रुपया आला, एवढाच फरक.

देणें फिटलें म्हणून रमाबाई स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून बातम्या येऊं लागल्या, तेव्हां त्यांस रानांतला तो पाला आठवला. अनाथ मुलींस फसवून नेणारे लोक तिकडे हिंडत होते. हातांत पुरेसा पैसा नसतां बाई तिकडे गेल्या, आणि कांहीं महिन्यांत सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगमुळें इतक्या जणींस ठेवतां येईना, म्हणून केडगांवच्या शेतांत छपरें घालून त्यांस ठेविलें. तेंच मुक्ति सदन. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. फुलहॅम येथें पाहिलेलें काम बाई विसरल्या नव्हत्या; तशा स्त्रियांसाठीं त्यांनीं कृपा सदन निराळें बांधिलें.

यांत त्यांस मान मिळाला तसा अपमानही सोसावा लागला. शारदा सदनांतील मुली ख्रिस्ती होतात म्हणून १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें; रानडे, भांडारकर यांसारख्या थोर सल्लागारांनीं संबंध सोडला. त्यांच्या बाजूसही कांहीं म्हणणें होतें हें आम्ही नाकारीत नाहीं, कारण सदन धर्मनिरपेक्ष राहील अशी त्यांची समजूत होती. बाईंचें म्हणणें इतकेंच कीं, आपल्या खोलीचें दार उघडें ठेवून प्रार्थना करण्यास आपण मोकळ्या आहों.

शेवटलीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत घालविलीं. त्यासाठीं त्या इब्री व ग्रीक शिकल्या. खेड्यांतील अडाणी बाईला समजेल अशी सोपी मराठी त्यांस हवी होती. संस्कृत शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतात हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? खिळे जुळविण्याचें व छापण्याचें काम मुक्तींतील मुलींनींच केलें. ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीवर संस्थेचा पुढील भार टाकावयाचा, तीच गेली. आईनें टेबल सोडलें नाहीं. शेवटच्या आजारांतही मुद्रितें तपासण्याचें काम चालू होतें. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या झोपेंतच प्रभूकडे गेल्या. त्यांचें संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं छापून बाहेर पडलें.