गांधीजींचा उपवास आणि लघवीची तपासणी : डॉक्टर नेमकं काय शोधत होते?

१० फेब्रुवारी १९४३. येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या ७३ वर्षांच्या महात्मा गांधींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह सरकारी डॉक्टरांचंही त्यांच्यावर लक्ष होतं.

१८६९ मध्ये पोरबंदरला जन्मलेले गांधीजी लंडनला कायदा शिकायला गेले, तेव्हापासूनच आहाराचे प्रयोग करत होते. येरवडाही त्यांना नवं नव्हतं. १९२२ पासून ते इथल्या तुरुंगात अनेकदा राहिले. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरोधात त्यांनी सप्टेंबर १९३२ मध्ये इथेच उपवास केला आणि त्यातूनच डॉ. आंबेडकरांसोबत पुणे करार झाला.

उपवासात लघवी का तपासतात? अन्न थांबलं की शरीर साठवलेली साखर संपवतं आणि मग चरबी जाळतं. त्यातून तयार होणारी ॲसिटोनसारखी कीटोन द्रव्यं लघवीत उतरतात. स्नायूही झिजतात, त्यातून युरिया तयार होतो. पाणी कमी पडलं आणि मूत्रपिंडं थकली, तर हा युरिया रक्तात साठतो. यालाच युरेमिया म्हणतात.

१९४३ मध्ये नेमकी हीच भीती होती. मळमळीमुळे गांधीजींना पाणी पिववत नव्हतं. उपवास निम्म्यावर आला तेव्हा नाडी जेमतेम लागत होती. पाण्यात मोसंबीचा रस घालून दिल्यावर ते पोटात टिकू लागलं आणि धोका टळला. ३ मार्चला उपवास सुटला.

आजची प्रयोगशाळा लघवीतून तो मोसंबीचा रसही ओळखू शकली असती. लिंबूवर्गीय फळांमध्ये प्रोलिन बीटेन नावाचं द्रव्य भरपूर असतं. शरीर ते फारसं न बदलता लघवीवाटे बाहेर टाकतं. अशी द्रव्यं मोजताना बऱ्याचदा नमुना आधी एका बारीक नळीतून सोडतात. नळीतल्या पदार्थाला हवी ती द्रव्यं चिकटतात, बाकीचं धुऊन जातं. मग ती द्रव्यं सोडवून घेऊन मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. माणसं आपण काय खाल्लं हे विसरतात किंवा कमी-जास्त सांगतात, म्हणून आहाराच्या संशोधनात ही पद्धत उपयोगी पडते.

२२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा याच वास्तूत गेल्या. गांधीजी ६ मे रोजी सुटले. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी त्यांनी शेवटचा उपवास केला, तेव्हाही लघवीतलं ॲसिटोन पाहून डॉक्टर धास्तावले होते. तो उपवास १८ जानेवारीला सुटला. १२ दिवसांनी त्यांची हत्या झाली.