शेठ वालचंद हिराचंद व बुद्धीच्या अनेक वाटा

आपल्याकडे घरांत बुद्धि म्हटली कीं परीक्षेचा निकाल डोळ्यांपुढें येतो, आणि पेढीवर बुद्धि म्हटली कीं वर्षअखेरचा नफ्याचा आंकडा. या दोन मापांत जो बसत नाहीं त्याला आपण मंद, लहरी किंवा उडाणटप्पू ठरवितों आणि तेवढ्यावर निश्चिंत होतों. हीं मापें खोटीं नाहींत. परंतु तीं अपुरीं आहेत, आणि अपुऱ्या मापानें माल घेणारा व्यापारी जसा शेवटीं स्वतःच फसतो तसा समाजही फसतो. कोणत्याही नव्या उद्योगाचा किंवा सुधारणेचा इतिहास पाहिला तर तेथें एकच बुद्धि कामास आली असें दिसत नाहीं. दूरचें पाहणारी बुद्धि एक, यंत्राचें मर्म ओळखणारी दुसरी, माणसें पारखणारी तिसरी, पैशापैशाचा हिशेब ठेवणारी चौथी, आणि हातांनीं प्रत्यक्ष वस्तु घडविणारी पांचवी. या सर्वांची गांठ पडते तेव्हांच जुनें मागें पडून नवें उभें राहतें.

आमच्या शहरांतील सात रस्त्याचा नाका वाचकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. तेथील एखादा रस्ता दुरुस्तीसाठीं बंद पडला कीं उरलेल्या सहांवर गर्दी होऊन सर्वांचाच खोळंबा होतो. उद्योगांतही असेंच घडतें. एका बुद्धीची वाट अडली कीं बाकीच्या असून नसून सारख्या होतात. या गोष्टीचा दाखला परमुलखांत शोधण्याचें कारण नाहीं. तो याच सोलापुरांत २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं जन्मास आला. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचें नांव आज आपल्या विद्यालयांच्या पाट्यांवर झळकतें. परंतु त्या पाटीखालून जाणाऱ्या तरुणास त्यांच्या चरित्रांतील खरा धडा क्वचितच सांगितला जातो.

दोशी कुटुंब मूळचें सौराष्ट्रांतील वांकानेरचें, धर्मानें दिगंबर जैन, आणि व्यवसाय सावकारी व कापसाचा. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते गादीवर बसणारे गृहस्थ नव्हते. त्यांनीं जैन बोधक हें नियतकालिक काढलें आणि आपल्या समाजांत विद्याप्रसार व सुधारणा व्हावी म्हणून लेखणी झिजविली. म्हणजे एकाच घरांत हिशेबाची वही व सुधारकाचें पत्र हीं दोन्ही नांदत होतीं. वालचंदांनीं सोलापुरांतच शाळेचें शिक्षण पुरें करून १८९९ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली, पुढें ते कॉलेजांत गेले, परंतु पदवी न घेतांच घरच्या व्यवसायांत परतले. परीक्षेच्या मापानें पाहिलें तर त्यांचा निकाल येथेंच लागला होता. पेढीच्या मापानेंही ते फार चढले नसते, कारण व्याजाचे आंकडे मांडीत दिवस काढणें त्यांच्या प्रकृतीला मानवेना.

त्या काळीं आपल्या भागांत बार्शी लाइट रेल्वे वाढत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनें अडीच फुटी रुळांची ही रेल्वे आंखली होती. अरुंद रुळांवरूनही नेटका हिशेब ठेवल्यास थोड्या खर्चांत पुष्कळ माल वाहतां येतो, हें त्याला दाखवावयाचें होतें. कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंतचा पहिला भाग १८९७ सालीं सुरू झाला. पुढील वाढीचें काम निघालें तेव्हां येडशी ते तडवळे या तुकड्याचा मक्ता वालचंदांनीं लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारींत घेतला. फाटक हे पूर्वीं रेल्वेंत कारकून होते. त्यांच्यापाशीं मोठें भांडवल नव्हतें, परंतु रेल्वेचें काम आंतून कसें चालतें याची पक्की माहिती होती. वालचंदांपाशीं घराण्याची पत होती व अंगीं धाडस होतें, परंतु कामाचा अनुभव नव्हता. गुजराती सावकाराचा मुलगा व मराठी कारकून यांची ही जोडी आपल्या जातीजातींच्या कप्प्यांत सहसा जमत नाहीं. ती जमली म्हणूनच पुढील सर्व घडलें. कारकुनाला केवळ कारकून न मानतां त्याच्या माहितीला भांडवलाइतकीच किंमत देणें, ही वालचंदांची पहिली मोठी चतुराई होय.

मक्तेदारींत नांव झाल्यावर १९१९ सालीं त्यांची दृष्टि समुद्राकडे वळली. महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनीं युद्धकाळांत इस्पितळ म्हणून चालविलेली लॉयल्टी नांवाची बोट विकावयाची होती. ही बोट १८९१ सालची, मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची. हिंदी माणसानें आगबोटींच्या धंद्यांत पडूं नये असाच त्या काळचा अनुभव होता. जमशेटजी टाटांचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परक्या कंपन्यांच्या दरकपातीपुढें थांबला होता, आणि तुतिकोरिनच्या चिदंबरम् पिळ्ळै यांनीं १९०६ सालीं काढलेली स्वदेशी कंपनी सरकारच्या रोषास व स्पर्धेस बळी पडली होती. तरीही वालचंदांनीं शिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची उभारणी केली. परंतु एकट्यानें नव्हे. कापसाचा मोठा व्यापार जाणणारे किलाचंद देवचंद, सहकारी चळवळ व अर्थशास्त्र यांत मुरलेले लल्लूभाई सामळदास, आणि शांत वृत्तीचे, बाजारांत ज्यांच्या शब्दाला मान असे ते गिरणीमालक नरोत्तम मोरारजी यांना त्यांनीं बरोबर घेतलें. सोलापूरकरांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं आपली जुनी मिल ज्या मोरारजी गोकुळदासांनीं उभारली, त्यांचेच हे चिरंजीव.

५ एप्रिल १९१९ रोजीं लॉयल्टी मुंबईहून विलायतेस निघाली. स्वतंत्र भारतांत त्या दिवसाची आठवण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. परंतु आमच्या मतें त्या बोटीचें पुढें काय झालें हें अधिक शिकण्यासारखें आहे. ती जुनी झाली होती व धंद्याच्या दृष्टीनें परवडेना. १९२३ सालीं ती मोडींत काढावी लागली. दूरदृष्टीनें दिशा अचूक दाखविली, पण साधन चुकलें. त्या वेळीं कंपनी तगली ती हिशेब व चिकाटी यांच्या बळावर. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीनें भाड्याचे दर पाडून हिंदी कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ सालीं दहा वर्षांचा करार होऊन शिंदियाला किनाऱ्याच्या व्यापारापुरतें मर्यादित राहावें लागलें. वालचंदांच्या उतावळ्या स्वभावाला हा करार कडू वाटणें साहजिक होतें. तथापि थांबण्याच्या वेळीं थांबणें हीही बुद्धीच आहे, आणि ती नरोत्तम मोरारजींसारख्या सहकाऱ्यांकडून मिळाली. १९२९ सालीं नरोत्तमशेठ वारले आणि कंपनीचें अध्यक्षपद वालचंदांकडे आलें.

जमिनीवरची कामें दरम्यान चालूच होतीं. १९२६ सालीं हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोर घाटांतील रेल्वेचे बोगदे हें तिचें आरंभींचें काम. त्याच वर्षीं इंडियन ह्यूम पाइप कंपनी निघाली. ह्यूम हा ऑस्ट्रेलियांतील कारागीर. सांचा वेगानें फिरवून सिमेंट काँक्रीट त्याच्या आंतल्या बाजूस दाबून बसवावें आणि घट्ट नळ तयार करावा, ही युक्ति त्याची. वालचंदांनीं ती स्वतः शोधली नाहीं. परंतु हिंदुस्थानांतील गांवोगांवच्या पाण्याला व मोऱ्यांना ही युक्ति किती उपयोगी पडेल हें त्यांनीं ओळखलें. शोध लावणारी बुद्धि व शोध कोठें रुजेल हें ओळखणारी बुद्धि या दोन वेगळ्या आहेत, आणि दुसरीला कमी लेखण्याचें कारण नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील रावळगांवचा माळ त्यांनीं १९२३ सालीं घेतला आणि शेतीच्या जाणकारांना हाताशीं धरून तेथें ऊंस आणला. १९३३ सालीं तेथें साखर कारखाना उभा राहिला. पुणें जिल्ह्यांत इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या परिसरांत १९३४ सालीं दुसरा कारखाना झाला, आणि त्या वसाहतीला वालचंदनगर हें नांव मिळालें.

मोटारीचा कारखाना हिंदुस्थानांत निघावा अशी योजना सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं कागदावर तपशीलवार आंखली होती. त्या योजनेचा पाठपुरावा वालचंदांनीं केला. त्याच खटपटींत १९३९ सालीं अमेरिकेहून परततांना विमानांत त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशीं गांठ पडली. पॉलीला चीनमध्यें विमानांचा कारखाना चालविण्याचा अनुभव होता. दुसरा प्रवासी गप्पा मारून उतरला असता. वालचंदांनीं त्या ओळखींतून कारखाना उभा केला. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माइल यांनीं संस्थानची जमीन व पैसा दिला, आणि २३ डिसेंबर १९४० रोजीं बंगळुरांत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. योजकाचें धाडस, परदेशी तज्ज्ञाचें कसब व जाणत्या दिवाणाची राज्यबुद्धि या तिहींपैकीं एक जरी नसती, तरी बंगळूर आज विमानांचें शहर म्हणून ओळखलें गेलें नसतें.

विशाखापट्टणमच्या गोदीचा पायाभरणी समारंभ २१ जून १९४१ रोजीं डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झाला, आणि तेथें बांधलेली जल उषा ही बोट १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडली. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना होऊन अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें मोटारी तयार होऊं लागल्या. याच कंपनीची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्या सोबतीण होती. २०२३ सालीं ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून निवृत्त झाली.

परंतु चरित्र म्हणजे आरती नव्हे. वालचंदांची बुद्धि आरंभ करण्यांत जेवढी तेज होती तेवढी सांभाळण्यांत नव्हती. एका कामाचा जम बसतो न बसतो तोंच दुसरें हातीं घ्यावें, हा त्यांचा स्वभाव. तो भार वाहण्यास बंधु, भागीदार, इंजिनिअर व हिशेबनीस पाठीशीं होते म्हणून कारखाने उभे राहिले. शिवाय सत्ता हातीं नसली तर कल्पकता किती परावलंबी असते हेंही याच चरित्रांत दिसतें. विमानांच्या कारखान्यांत १९४१ सालीं सरकारनें २५ लाखांचा भाग घेतला, आणि जपानी युद्ध जवळ येतांच १९४२ सालीं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. विशाखापट्टणमची गोदी १९५२ सालीं मुख्यत्वें सरकारची झाली. १९४९ सालीं पक्षाघातानें वालचंद खिळले, पुढील वर्षीं कामकाजांतून निवृत्त झाले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं गुजराथेंत सिद्धपूर येथें त्यांचा अंत झाला.

याच काळांत त्यांच्या जन्मगांवीं काय चाललें होतें? सोलापूरची जुनी मिल १९४९ सालीं बंद पडली, हजारों कामगार उघड्यावर आले, आणि १९५० सालीं केंद्र सरकारला खास वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घ्यावा लागला. पुढें ती मिल कायमची थांबली. एकामागून एक इतर मोठ्या गिरण्यांचे भोंगेही बंद झाले. भांडवल याच गांवांत होतें, हातही याच गांवांत होते. मागावर बसणाऱ्या विणकराला सुताची व रंगाची जी जाण होती, ती गिरणीच्या कारभाऱ्यांच्या बैठकींत कधीं विचारली गेली काय? उलट त्याच विणकराच्या कसबानें सोलापुरी चादरीला देशभर नांव मिळवून दिलें, आणि आज ती भौगोलिक मानांकनाची धनीण आहे. ज्या बुद्धीला आपण मजुरी म्हणून मोजलें, तिनेंच गांवाची अब्रू राखली.

तेव्हां आमच्या व्यापारी बंधूंना व पालकांना आमचें सांगणें आहे. पुस्तकांत मागें राहणारा परंतु बिघडलेलें यंत्र खोलून बसणारा मुलगा हा घराचा कलंक नव्हे. त्याला योग्य कारखान्याची वाट दाखवावी. घरच्या खर्चाचा चोख मेळ घालणाऱ्या मुलीला पेढीच्या वह्यांपासून दूर ठेवण्यांत कोणताही धर्म नाहीं. तोटा मात्र नक्की आहे. नव्या धंद्याच्या कल्पना काढणाऱ्या भावाला वेडा म्हणण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं एक सावध हिशेबनीस बसवून पाहावा. आणि कारखान्याचा मालक असेल त्यानें महिन्यांतून एकदां तरी आपल्या सर्वांत जुन्या कारागिराला आपल्याच बैठकींत खुर्ची देऊन त्याचें म्हणणें ऐकावें. पदवीधर मुलें पुण्यामुंबईला जातात म्हणून गांव ओस पडतें अशी तक्रार आपण नेहमीं करतों. परंतु जीं माणसें येथेंच आहेत त्यांची बुद्धि आपण अर्धीसुद्धां वापरीत नाहीं, याचा विचार कोणी करीत नाहीं.

वालचंदशेठ दर पिढींत जन्मतील असें नाहीं. पण रेल्वेच्या कारकुनाला भागीदार करण्याइतकें मन मोठें करणें हें कोणत्याही व्यापाऱ्याला जमण्यासारखें आहे. येत्या पाडव्याला नव्या वहीची पूजा करतांना प्रत्येकानें एवढाच प्रश्न स्वतःस विचारावा कीं आपल्या पेढीवर कोणत्या जातीची बुद्धि मुळींच नाहीं, आणि ती ज्याच्यापाशीं आहे असा मनुष्य आपल्या ओळखींत कोण आहे. उत्तर सांपडेल त्यानें त्याच दिवशीं त्या माणसाच्या घरीं जावें.