जे डिला

जेम्स डेविट यान्सी ऊर्फ जे डिला (७ फेब्रुवारी, इ.स. १९७४ – १० फेब्रुवारी, इ.स. २००६) हे अमेरिकन हिप-हॉप संगीतनिर्माते आणि रॅपर होते. कारकिर्दीच्या पूर्वार्धात ते जे डी या नावाने ओळखले जात. स्लम व्हिलेज या गटाचे ते संस्थापक-सदस्य होते. निधनाच्या तीन दिवस आधी प्रकाशित झालेला डोनट्स हा त्यांचा वाद्यसंगीताचा अल्बम हिप-हॉपमधील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी एक मानला जातो.

जन्म व बालपण

यान्सी यांचा जन्म मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात झाला आणि ते तेथील कॉनंट गार्डन्स या वस्तीत वाढले. त्यांची आई मॉरीन यांनी ऑपेरा गायनाचे शिक्षण घेतले होते, तर वडील बेव्हर्ली हे जॅझ संगीतातील बासवादक होते. घरात संगीत होतेच. यान्सी यांना लहानपणापासून ध्वनिमुद्रिका जमवण्याचाही छंद जडला. पर्शिंग हायस्कूलमध्ये टी-थ्री आणि बातीन यांच्याशी त्यांची मैत्री झाली व त्यातून स्लम व्हिलेज हा गट उभा राहिला. डेट्रॉइटमधील संगीतकार अँप फिडलर यांनी त्यांना अकाई एमपीसी या सॅम्पलर यंत्राची ओळख करून दिली. पुढे अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाचे क्यू-टिप यांच्याशी त्यांची गाठही फिडलर यांनीच घालून दिली.

कारकीर्द

क्यू-टिप व अली शहीद मुहम्मद यांच्यासह यान्सी 'द उम्मा' या निर्मातासमूहात सामील झाले. द फारसाइड, डी ला सोल, बस्टा राइम्स, कॉमन आदी कलावंतांसाठी त्यांनी संगीत दिले. क्वेस्टलव्ह, डी'अँजेलो व जेम्स पॉयझर यांच्याबरोबर ते सोलक्वेरियन्स या संगीतकारसमूहाचेही सदस्य होते.

ढोलाचा ठोका यंत्राच्या मोजमापात काटेकोर न बसवता किंचित मागे-पुढे ठेवणे हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य होते. त्यामुळे यंत्रावर रचलेले संगीतही हाताने वाजवल्यासारखे भासे. क्वेस्टलव्ह यांच्यासारख्या वादकांनी ही लय प्रत्यक्ष ढोलांवर वाजवण्याचा प्रयत्न केला. वादकांनी यंत्राचे अनुकरण करावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

वेलकम टू डेट्रॉइट (२००१) हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम होय. त्यानंतर एमसीए या मोठ्या कंपनीसाठी तयार केलेला अल्बम त्यांच्या हयातीत प्रकाशित झाला नाही. तो २०१६ साली द डायरी या नावाने बाहेर आला. २००३ साली मॅडलिब यांच्यासह त्यांनी जेलिब या नावाने चॅम्पियन साउंड हा अल्बम केला.

आजारपण व मृत्यू

यान्सी यांना टीटीपी हा रक्ताचा दुर्मीळ विकार जडला होता. पुढे ल्युपसचेही निदान झाले. २००४ च्या सुमारास ते लॉस एंजेलस येथे राहावयास गेले. तेथे त्यांना वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागले. २००५ च्या अखेरीस युरोपच्या दौऱ्यात त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले. १० फेब्रुवारी २००६ रोजी लॉस एंजेलस येथे वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डोनट्स

हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्यांच्या ३२ व्या वाढदिवशी, स्टोन्स थ्रो या कंपनीने प्रकाशित केला. त्यात ३१ रचना असून बहुतेक एक ते दीड मिनिटाच्या आहेत. जुन्या सोल व रॉक ध्वनिमुद्रिकांतील तुकडे कापून, वेग बदलून व पुन्हा जोडून त्या रचल्या आहेत. सुरुवातीच्या रचनेच्या शीर्षकात 'आउट्रो' म्हणजे समारोप असा शब्द आहे, तर शेवटच्या रचनेचे शीर्षक स्वागताचे आहे. शेवट पुन्हा आरंभाला जाऊन मिळत असल्याने अल्बम वर्तुळाकार होतो.

समीक्षकांचा प्रतिसाद

प्रकाशनाच्या वेळी बहुतेक समीक्षा अनुकूल होत्या. पिचफोर्क या संगीतविषयक प्रकाशनाने अल्बमला १० पैकी ७.९ गुण दिले. २०१३ सालच्या पुनर्प्रकाशनाच्या वेळी मात्र त्याच प्रकाशनाने पूर्ण १० गुण दिले. रोलिंग स्टोनच्या २०२० सालच्या सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत त्यास ३८६ वे स्थान मिळाले.

या बदलामागे यान्सी यांच्या मृत्यूचा वाटा मोठा आहे. निधनानंतर समीक्षकांनी या अल्बमकडे निरोपाचे संगीत म्हणून पाहिले. 'डोन्ट क्राय', 'बाय' यांसारख्या शीर्षकांत आप्तांसाठी ठेवलेला संदेश शोधला गेला. संपूर्ण अल्बम रुग्णशय्येवर, छोटा सॅम्पलर व ध्वनिमुद्रिकांच्या साहाय्याने तयार झाला, अशी कथाही रूढ झाली. जॉर्डन फर्ग्युसन यांनी २०१४ साली या अल्बमवर लिहिलेल्या पुस्तकात त्याचा विचार मृत्यूच्या जाणिवेच्या संदर्भात केला आहे. याउलट डॅन चार्नस यांनी डिला टाइम (२०२२) या चरित्रात ही कथा तपासून पाहिली. त्यांच्या मते बहुतेक रचना दीर्घ रुग्णालयवासापूर्वीच तयार झाल्या होत्या आणि कंपनीचे कलादिग्दर्शक जेफ जँक यांनी मूळ ध्वनिफीत संपादनाने लांबवून तिला अल्बमचे रूप दिले. त्यामुळे अल्बमची थोरवी त्यातील संगीतात किती आणि त्याभोवतीच्या कथेत किती, हा प्रश्न अभ्यासकांपुढे आला. सूर कापण्याची रीत व रचनांचा क्रम यांना कथेचा आधार लागत नाही, हे मात्र उभय पक्षांना मान्य होण्यासारखे आहे.

श्रोते व कलावंतांचा प्रतिसाद

या अल्बमचा स्वीकार श्रोत्यांनी केवळ ऐकून केला नाही. असंख्य हौशी व व्यावसायिक रॅपरांनी त्यातील रचनांवर स्वतःचे शब्द रचले. घोस्टफेस किल्लाह यांच्या फिशस्केल व द रूट्स यांच्या गेम थिअरी या २००६ सालच्याच अल्बममध्ये डोनट्समधील संगीत वापरले गेले. शब्दांविना अल्बम पूर्ण असू शकतो, हा विश्वास पुढील पिढीच्या वाद्यसंगीत निर्मात्यांना त्यातून मिळाला. दर फेब्रुवारीत अनेक शहरांत त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम होतात.

वारसा

द शायनिंग हा अपूर्ण राहिलेला अल्बम मित्र करीम रिगिन्स यांनी पूर्ण केला व तो २००६ सालीच प्रकाशित झाला. २००९ साली मिगेल ॲटवुड-फर्ग्युसन यांनी यान्सी यांच्या रचना वाद्यवृंदासाठी बांधून लॉस एंजेलस येथे सादर केल्या. हा कार्यक्रम त्यांच्या आईला अर्पण केला होता. यान्सी यांचे एमपीसी यंत्र आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे.